खारीबाई आणि अकरा नंबर

१९८७ साली मी छत्तीस वर्षांचा होतो. तोवर काच उजेडाकडं धरून बघणारी माणसं मी दोनच पाहिली होती, एक कासार आणि दुसरा सोडावाला. तिसऱ्या खारीबाई. काचेची कुठलीही वस्तू हातात आली, की बाई ती आधी डोळ्यांसमोर उचलायच्या, उजेडात फिरवायच्या आणि मगच खाली ठेवायच्या. कंदिलाची काच असो की औषधाची बाटली. आष्टीच्या स्टँडवर चहाचा ग्लास त्यांनी असाच वर धरला, तेव्हा हॉटेलवाला दुखावला. म्हणाला, "बाई, माशी न्हाई त्यात. निघाली तर पैसे देऊ नका." बाई म्हणाल्या, "माशी नाही हो, रंग बघते. तुमचा चहा अगदी आमच्या बाविसासारखा आहे." बावीस काय ते त्याला कळलं नाही, पण ती तारीफ आहे एवढं कळलं. पुढं बाई स्टँडवर दिसल्या की तो गल्ल्यावरूनच आत सांगायचा, "एक बावीस लाव रे."

मी चौथी नापास आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझं शुद्धलेखन काढायला नको. पण दुधातलं मला कळतं. आमचं गाव आष्टीपासून दोन-अडीच कोसांवर. तिथल्या सहकारी दूध संस्थेत मी दूध घ्यायला बसायचो. लॅक्टोमीटर म्हणजे दुधात तरंगणारी आकड्यांची काचेची नळी. ती सोडायची आणि आकडा बघायचा. अठ्ठाविसाच्या वर असलं तर दूध चोख, खाली गेलं तर त्यात पाणी. मला तर ती नळी सोडायच्या आधी वासावरूनच समजायचं, कुणाच्या कॅननं वाटेत विहीर पाहिली. माझ्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नाही. ज्यांनी ठेवलं त्यांच्याशी मी अजून बोलत नाही.

तो दुष्काळाचा सलग तिसरा उन्हाळा होता. ज्यांना जमलं त्यांनी गुरं पाहुण्यांकडं धाडली, बाकीच्यांनी बाजार दाखवला. सकाळी चाळीस कॅन यायचे तिथं नऊ यायला लागले. संस्थेच्या दोन थंड खोल्यांपैकी एक बंद ठेवावी लागली, आणि त्या बंद खोलीत बाई आल्या.

बाई कोकणातल्या, खाडीकाठच्या. त्यांचे यजमान पाझर तलावांच्या कामावर ओव्हरसियर म्हणून आमच्याकडं बदलून आलेले. बाई तिकडं समुद्राच्या एका संशोधन केंद्रात नोकरीला होत्या. ते केंद्र बंद झालं आणि तिथल्या नळ्या टाकून द्यायची वेळ आली, तेव्हा बाईंनी त्या मागून घेतल्या. सत्तेचाळीस नळ्या. प्रत्येकीत चार बोटं खारं पाणी, आणि त्या पाण्यात समुद्रातलं बारीक शेवाळ, प्रत्येकीत वेगळ्या जातीचं, इतकं बारीक की एकेक कण डोळ्याला दिसत नाही, नुसता पाण्याला रंग दिसतो. दोन लाकडी पेट्यांत भुसा भरून, त्या पेट्या मांडीवर घेऊन बाई दोन दिवस एस.टी.तून आल्या. कंडक्टरनं पेट्या टपावर टाकायला सांगितलं, तर म्हणाल्या, "मग मलाही टपावर बसवा."

संस्थेचे चेअरमन म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस. त्यांनी विचारलं, "ह्याचा गुराला चारा व्हतो का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मानसाला?"

"नाही. ही कोळंबीच्या पिल्लांची न्याहारी. किनाऱ्याला आता कोळंबीची पिल्लं काढायचे कारखाने निघतायत. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की त्याच्या तोंडात एवढंच मावतं. त्यांच्याकडचं शेवाळ बिघडलं की ते मूळ नळी माझ्याकडं मागतात. कॉलेजंही मागतात, औषधांवर काम करणारेही मागतात. कुणाला कधी कुठली लागेल सांगता येत नाही, म्हणून सगळ्या जिवंत ठेवायच्या."

"म्हंजी पिलाचं दूध."

"तसंच म्हणा."

"मग झालं की. दुधाच्या संस्थेत दूधच ठिवायचंय. तात्या, बाईला किल्ली दे."

तात्या म्हणजे मी. किल्ली दिली, पण मनातून पटलं नव्हतं. ती खोली माझी होती.

पहिल्याच आठवड्यात बाईंना समुद्र लागला. शेवाळ दर पंधरा-वीस दिवसांनी नव्या नळीत, नव्या खाऱ्या पाण्यात न्यावं लागतं. ते खारं पाणी बाई पुड्यांतली वेगवेगळी मिठं तोलून बनवायच्या, पण त्यालाही आधी पाणी हवंच. गावाला टँकर दोन दिवसांआड. बाई पहिल्यांदा दोन कळश्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "आमची लेकरं तहानलीत, आन् ही शेवाळाला पाणी पाजती." बाई भांडल्या नाहीत. कळश्या रिकाम्या घेऊन परत आल्या आणि मला म्हणाल्या, "तात्या, गावात असं पाणी आहे का, जे कुणालाच नको?"

असं पाणी होतं. गावाच्या खालच्या अंगाला खारी बारव आहे. तिच्या पाण्याला जनावर तोंड लावत नाही, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. सगळ्या विहिरी तळाला गेल्या तरी ही भरलेली, आणि दुष्काळात आणखीच खारट झालेली. बाईंनी पायऱ्या उतरून बोटावर थेंब घेतला, जिभेला लावला, आणि पेढा मिळाल्यागत तोंड केलं. "निम्मा समुद्र तर इथंच आहे," म्हणाल्या. त्या दिवसापासून टँकरच्या रांगेतल्या बायकांनी त्यांना खारीबाई केलं. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बुडवा मला चहात." ती रांगेतली म्हातारी पुढं त्यांच्याकडं बसायला यायची.

त्यांचं खारेपणा मोजायचं यंत्र प्रवासात फुटलं होतं. मी माझा लॅक्टोमीटर पुढं केला. बाईंनी बनवलेल्या समुद्रात तो सोडला, तर चोविसावर थांबला. मी म्हणालो, "बाई, तुमच्या समुद्रात पानी घातलंय." बाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढावा लागला. मग पुस्तकात आकडे बघितले, डोक्यात गणित केलं आणि म्हणाल्या, "चोवीस म्हणजे बरोबर समुद्र. तात्या, तुमचं यंत्र चोख आहे." माझं यंत्र चोख आहे हे मला माहीत होतं. पण तिकडच्या शिकलेल्या माणसानं ते म्हटलं, तेव्हापासून मी त्या खोलीत जाऊन बसायला लागलो.

खोली दुधाएवढी गार नको होती, नुसती सुसह्य हवी होती. पण वीज दिवसातून चार वेळा जायची. बाईंनी खिडक्यांना पोती लावली आणि ती खाऱ्या बारवेच्याच पाण्यानं भिजवली. दोन दिवसांत पोत्यांवर मिठाचा पांढरा थर धरला. गावभरच्या शेळ्यांना त्याचा पत्ता लागला. दुपारी खोलीच्या भिंतीला दहा-बारा शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून पोती चाटायच्या, आणि आत बाई नळ्यांना क्रमांक लावत बसायच्या. मी हाकलायला गेलो, तर म्हणाल्या, "चाटू दे हो. पोतं हललं की वारा येतो."

काम त्यांनी मला हळूहळू शिकवलं. स्पिरिटचा दिवा लावायचा. जुन्या नळीचं कापसाचं बूच काढून तिचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, ओवाळल्यागत. पिपेट, म्हणजे पाणी ओढायची काचेची बारीक नळी, ज्योतीत जाळून घ्यायची, तिनं थोडं उचलायचं, नव्या नळीत सोडायचं, पुन्हा ओवाळायचं, बूच. पिपेट धरायचा हात मला दुधाच्या कामामुळं होताच. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "बाई, हे तर इरजन हाय. जुन्यातलं चमचाभर नव्याला लावायचं." बाईंना ते फार आवडलं. किनाऱ्याला जाणाऱ्या पत्रांतही त्या लिहायला लागल्या की तुमचं विरजण पाठवलं आहे. मी मात्र एका गोष्टीवर त्यांच्याशी वाद घालायचो. नळीत शेवाळ चांगलं दाट दिसलं की मला आनंद व्हायचा, बाईंना नाही. त्या म्हणायच्या, "दाट नको. इथं वाढवायचं काम नाही तात्या, टिकवायचं आहे." मला हे वर्षभर पटलं नाही. जे वाढवायचं नाही ते ठेवायचं कशाला?

संस्थेच्या वार्षिक सभेत एक सभासद उभा राहिला. "संस्था दुधाची हाय का शेवाळाची? थंड खोली ह्या पान्याला, आन् आमचं दूध नासतंय."

चेअरमन बसल्या जागेवरून म्हणाले, "तुझं दूध नासतंय कावून बे? तू ते दुपारच्याला घेऊन येतो म्हनून."

सभा हसली, पण कुजबुज थांबली नाही. तेव्हा बाई उठल्या. बूच घट्ट लावलेली एक तपकिरी नळी त्यांनी पहिल्या रांगेत दिली आणि म्हणाल्या, "एवढी एक हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन माझ्याकडं परत येऊ द्या. सांभाळून." दीडशे माणसांच्या हातांतून ती नळी फिरली. जो तो उजेडाकडं धरून बघायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा, तान्हं मूल दिल्यागत. परत आली तेव्हा सभा गप होती. पुढं त्या खोलीबद्दल कुणी तोंड उघडलं नाही. मी नंतर बाईंना विचारलं, की एवढ्या जपता आणि नळी गरम हातांत फिरवली कशी? बाई हळूच म्हणाल्या, "चहा होता तो." हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. त्या सभेतले बहुतेक आता भांडायला उरलेले नाहीत.

आता अकरा नंबरचं सांगतो. सत्तेचाळिसांतल्या शेहेचाळीस जाती दुसरीकडं कुठं ना कुठं मिळाल्या असत्या. अकरा नाही. बाईंनी लग्नाआधी आपल्या गावच्या खाडीतून भांडंभर पाणी आणून, त्यातून ती स्वतः वेगळी काढली होती. नंतर त्या खाडीच्या तोंडाला बांध पडला, आतलं पाणी गोडं झालं, आणि ती जात तिथं उरली नाही. म्हणजे समुद्र एवढा मोठा, पण बाईंना माहीत असलेली अकरा नंबर दोनच ठिकाणी होती, आमच्या खोलीतली एक नळी आणि तिच्या शेजारची जोडनळी. रंग जुन्या मधासारखा. किनाऱ्याच्या एका कारखान्याची पिल्लं दुसऱ्या कशावर तगत नव्हती, अकरावर तगायची. त्यांच्याकडची अकरा गरमीनं गेली होती, आणि पावसाळ्याआधी नवी नळी द्यायचं बाईंनी त्यांना कबूल केलं होतं.

पुढच्या वर्षी वैशाखात बाईंच्या वडिलांची तब्येत बिघडल्याची तार आली. बाई आठ दिवसांसाठी निघाल्या. स्टँडवर मला म्हणाल्या, "पोती ओली ठेवा. नळ्यांवरचे दिवे सकाळी लावा, संध्याकाळी बंद करा. रोज बघा. बाकी काही करू नका. अकरा जरा उतरलीय, पण ती मधूनमधून असंच करते. तिचं तिला बघू दे."

तिसऱ्या दिवशी अकरा आणखी फिकट झाली. चौथ्या दिवशी तर पाणी घातलेल्या दुधागत दिसायला लागली. मी पोती दोनदा जास्त भिजवली, काही फरक नाही. आता ज्यानं जन्मभर दुधाचं काम केलं, तो अशा वेळी हात बांधून कसा बसेल? घरचं विरजण मऊ पडलं तर आपण काय करतो? शेजारणीकडून चमचाभर चांगलं आणून त्याला लावतो, मग ते पुन्हा घट्ट लागतं. चार नंबरची नळी शेजारीच होती. तोच मधाचा रंग, आणि तब्येतीनं पैलवान. मी दिवा लावला, तोंडं ओवाळली, बाईंनी शिकवलं तसं एकूण एक केलं, आणि चारमधलं थोडं अकराला लावलं. दोन्ही नळ्यांना लावलं. अर्धवट काम मला जमत नाही.

चार दिवसांत अकरानं रंग धरला. बाई परत आल्या. वडील सावरले होते, त्यामुळं त्या खुशीत होत्या. त्यांनी नळी उजेडाकडं धरली. "तात्या, काय केलंत हो? गुटगुटीत झालीय."

"काय न्हाई," मी म्हणालो. "ध्यान दिलं." आणि मिशीला हात लावला.

मग बाईंनी दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बीण म्हणजे त्यांचं ते बारकं मोठं करून दाखवायचं यंत्र. जोडनळीतलाही थेंब बघितला. "अकरा गेली," म्हणाल्या. "दोन्हींत दुसरंच काहीतरी शिरलंय. एखादी दुसरी अकरा दिसते, बाकी सगळं परकं. जायच्या घाईत माझाच हात चुकला असणार. पिपेट नीट जाळली नसेल." आणि नळ्यांच्या नोंदींच्या वहीत तसं लिहिलं, माझ्या हातून चूक झाली म्हणून.

तुम्हाला वाटेल मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझी मीच समजूत घातलेली. मी अकराला जोर दिला होता, शिरायला चार नंबर काय चोर आहे? दोन दिवस मी हाच वाद मनात घालत होतो, आणि दोन दिवस बाई कारखान्याला पाठवायचं पत्र लिहायच्या आणि फाडायच्या. चहा समोर गार व्हायचा. ग्लास उचलून उजेडाकडं धरणंही त्यांनी सोडलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी घरी जेवायला बसलो. घरचीनं ताटात दही वाढलं. म्हणाली, "कावून गप हाय आज?"

"काय न्हाई. दही चांगलं लागलंय."

"लागंल न्हाई तर काय. पन आपलं न्हाई ते. मागं शेजारनीचं इरजन लावलं व्हतं का, तवापासून समदं तिच्याच घरच्यावानी लागतंय. आपल्या दह्याची चव गेली ती गेलीच."

घास माझ्या हातात राहिला. एवढी वर्षं दही खाल्लं, पण चमचाभर शेजारणीचं घातलं की मडकं शेजारणीचं होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. दह्याला दही म्हटलं की भागतं. बाईंच्या नळ्यांना नाव होतं.

हात धुऊन सरळ खोलीवर गेलो. बाई तेच पत्र लिहीत होत्या. मी दारातूनच म्हणालो, "बाई, अकरात काय शिरलं न्हाई. म्या घातलं. चारमधलं. तिला जोर यावा म्हनून." वर आणखी सांगितलं की वहीतलं नाव खोडा आणि तिथं माझं लिहा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता रडतील, नाहीतर किल्ली मागतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी पिपेट जाळली होती?"

"तुमी कवा जाळली न्हाई असं झालंय का?"

"माझा हात चुकला नव्हता तर." आणि त्या हसायला लागल्या. चष्मा काढून पदरानं डोळे पुसत हसल्या. "तात्या, तुम्ही अकराला शेजारीण आणून दिलीत." मग एकदम थांबल्या. "पण मग आत नुसती चारच आहे. दुसरं काही नाही. नक्की?"

"माज्या लॅक्टोमीटरची शपत."

"तर मग मार्ग आहे. आत कोण आहे हे ठाऊक असलं की त्याला बाहेर काढता येतं." वही त्यांनी माझ्यापुढं ढकलली. "नाव मी नाही लिहिणार. तुमचं तुम्ही लिहा. जे केलं ते, जसं केलं तसं." त्या साडेतीन ओळी मी लिहिल्या. सही आणि दुधाच्या आकड्यांपलीकडं माझ्या हातानं कागदावर काही उतरलं त्याची ती पहिली वेळ.

दुर्बिणीतून मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. चार नंबर म्हणजे गोल, शेपूट हलवत सारखी इकडून तिकडं पळणारी. अकरा होडीसारखी लांबट, जागेवर शांत. शंभर चारमध्ये एखादी अकरा. केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीनं ती एकेक उचलायची, स्वच्छ थेंबात सोडायची, तिथून पुन्हा दुसऱ्या थेंबात, धुवत धुवत. तशी नळी विकत मिळत नाही. काच दिव्यावर लाल करून दोन्ही हातांनी ओढायची. बाईंच्या दहातल्या सात तुटायच्या, माझ्या दोन. हे बाईंनीच मोजलं होतं, मी नाही.

पण उचलताना दर वेळी चार नंबरची एखादी सोबत यायचीच. पाच दिवस तेच. नळ्या भरल्या की सगळ्या चारच निघायच्या. सहाव्या दिवशी मी रॅकपुढं बसलो होतो आणि एक गोष्ट दिसली. नळीतला रंग खिडकीकडच्या बाजूला जास्त दाट होता. नळी फिरवून ठेवली, तर थोड्या वेळानं पुन्हा खिडकीकडंच दाट.

"बाई, ही चार खिडकीकडं कावून गोळा व्हती?"

"तिला उजेड लागतो. पळता येतं, म्हणून पळते."

"आन् अकरा?"

"तिला कुठं पळता येतंय."

"मग बाई, टँकर बोलवा."

बाईंना कळेना. मी म्हणालो, "टँकर आला की गाव कसं एका अंगाला पळतं? घरी कोन ऱ्हातं? ज्याला पळता येत न्हाई तेवढंच. तवा मागल्या दारानं जायचं आन् त्यास्नी उचलायचं."

बाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. आठवलं नाही." माझं पुस्तकात निघालं याचं मला नवल वाटलं नाही.

आम्ही बशीला काळा कागद गुंडाळला, एका टोकाला फट ठेवली आणि फटीसमोर दिवा लावला. अर्ध्या तासात चार नंबरचं सगळं गाव फटीशी. अंधाऱ्या टोकाला अकरा तेवढ्या बसून. बाईंनी तिथून उचलल्या. मी काचा ओढायचो, बाई उचलायच्या. "आला का टँकर?" त्या विचारायच्या, मी फटीकडं बघून म्हणायचो, "आला, घ्या मागल्या दारानं." चेअरमन एकदा डोकावले आणि म्हणाले, "कुठं आलाय बे टँकर? मला कसं म्हाईत न्हाई?"

अशा तीस नळ्या लावल्या. नऊ पुन्हा चारच्या निघाल्या. वीस तशाच राहिल्या, निवळ पाणी. ज्येष्ठ निम्मा सरला. सतरा-अठरा दिवसांनी एका नळीच्या तळाशी मधाची पुसट रेघ दिसली. बाईंनी थेंब दुर्बिणीखाली घेतला, बघितला, आणि उठून मला जागा दिली. सगळ्या होड्या. एकही पळत नव्हतं. बाईंनी नळी उचलली, पण स्वतः उजेडाकडं धरली नाही. माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुम्ही बघा." मी धरली. मला रंग नीट दिसला नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

कारखान्याची नळी थोडी उशिरा, पण गेली. एस.टी.च्या ड्रायव्हरनं ती शर्टाच्या खिशात, कापसात गुंडाळून नेली. पिल्लं तगली असं पत्र आलं.

बाई आमच्याकडं आणखी दोन वर्षं होत्या. मग यजमानांची बदली झाली, आणि कोकणातल्या एका कॉलेजनं नळ्यांसाठी खोली दिली. त्यानंतर त्यांची पत्रं यायची, वर्षातून तीन-चार. मी पहिल्यांदा पोस्टमनकडून वाचून घ्यायचो. मग मला ते आवडेना, म्हणून अडखळत का होईना, सलग वाचायला शिकलो. मागच्या वर्षी पत्र आलं ते त्यांच्या मुलीच्या अक्षरात होतं. बाई गेल्या. मुलीनं लिहिलं होतं, की आईच्या संग्रहात आता दोनशेच्या वर जाती आहेत आणि अकरा नंबर देशात कुठं कुठं जाते. मुलीला मी उत्तर पाठवलं. त्यात काय लिहिलं ते तिला आणि मला माहीत.

बाई निघाल्या तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. पाऊस बरा झाला होता, संस्थेत दूध परत यायला लागलं होतं. पेट्या जीपमध्ये चढल्या. टँकरच्या रांगेतली ती म्हातारी भाकरी बांधून घेऊन आली होती. मी खोलीला कुलूप लावायला वळलो, तर बाई म्हणाल्या, "कुलूप कशाला? आत बघा तरी." रॅकवर प्रत्येक जातीची एक नळी तशीच उभी होती. सत्तेचाळीस. मी म्हणालो, "बाई, इसरल्या का?"

"विसरले नाही. एका घराला काही झालं तर दुसरं पाहिजे. सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं नसतं. मी तिकडं सांभाळीन, तुम्ही इकडं."

"मी चौथी नापास हाय बाई."

"मला माहीत आहे. म्हणून तर वही ठेवलीय." आणि जीप गेली. मी रिटायर होईपर्यंत त्या नळ्या आमच्या संस्थेत होत्या. मग आष्टीच्या कॉलेजात दिल्या, प्रत्येकीचं नाव सांगून.

जीप गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायच्या आधी खोली उघडली, दिवे लावले, पोती भिजवली. अकरा नंबर फिकट दिसत होती. आदल्या दिवशीपेक्षा निश्चित फिकट. चार नंबर शेजारीच उभी, दाट, मधासारखी. मी दुधाचा रिकामा कॅन उपडा केला, अकरासमोर त्याच्यावर बसलो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, आणि बाहेर पहिला दूधवाला "तात्या" म्हणून हाक मारेपर्यंत काहीएक केलं नाही.